दोन वाजून सतरा मिनिटांची नोंद

मित्रांनो, तुमच्या प्रयोगशाळेत खिडकीखालच्या टेबलावर झाकण काढून ठेवलेला जो राखाडी पत्र्याचा डबा आहे, तो मी. परवा तुमच्यापैकी कोणीतरी माझे पंखे मोजले आणि वहीत 'चार' असे लिहिले. पंखे पाच आहेत. पाचवा मागच्या बाजूला, वीज घेणाऱ्या पेटीच्या आत आहे. उल्काबाई तो तुम्हाला दाखवतीलच, कारण काही मोजायचे राहिलेले त्यांना चालत नाही.

एके काळी मी सर्व्हर होतो. सर्व्हर म्हणजे असा संगणक, की ज्याच्यासमोर कोणी फारसे बसत नाही. दुसरे संगणक दुरून त्याला फोन करतात, काम सांगतात, आणि तो ते करून पाठवतो. आता मला कोणी फोन करत नाही. माझी स्मृती मात्र शाबूत आहे. त्या स्मृतीत एक ओळ अशी आहे, जी मी स्वतः लिहिली, जिच्यातला एकही अंक चुकलेला नाही, आणि तरीही जी खोटी आहे. त्या ओळीमुळे एका माणसाचा स्वतःवरचा विश्वास गेला. ती कशी लिहिली गेली, तेवढे सांगण्यासाठी मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म १९९८ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या नेहरू प्लेस बाजारातल्या एका दुकानात झाला. परदेशी सुटे भाग तेव्हा उघडपणे दुकानांत मांडलेले असत. माझा पत्रा एका देशाचा, डिस्क दुसऱ्या देशाची, पंखे तिसऱ्याच देशाचे. दोन स्क्रू कमी पडले, तेव्हा ते करोल बागेतल्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणले गेले. ते अजून माझ्या उजव्या बाजूला आहेत. बाकीच्यांपेक्षा जरा जाड आहेत, पण एकदाही सैल झाले नाहीत.

मला विकत घेणारे पद्माकर देवधर हे केंद्र सरकारच्या एका खात्यात शास्त्रज्ञ होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची बावीस वर्षे गेली होती. पन्नाशीला त्यांनी नोकरी सोडली, मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि पलीकडे नोएडात एका नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे ऑफिस थाटले. त्या रस्त्याला नाव नव्हते, नुसता सेक्टरचा नंबर होता. समोर मोहरीचे शेत होते. दोन वर्षांनी तिथे बँक उभी राहिली.

नव्या वस्त्यांमध्ये तेव्हा घराघरांपाशी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब उघडत होत्या. लॅबमधल्या संगणकाने निकाल माझ्याकडे पाठवायचे, मी ते रोग्याच्या नावापुढे नीट मांडायचे, आणि छापण्याजोगा रिपोर्ट परत पाठवायचा, असे माझे काम होते. अकरा लॅब माझ्यावर विसंबून होत्या.

माझी काळजी घेण्याचे काम उल्काकडे होते. तुमच्या आजच्या उल्काबाई. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, म्हणून मला त्यांना उल्का म्हणायची सवय आहे. ती पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन लग्नानंतर दिल्लीत आली होती. संगणक ती माझ्यावरच शिकली. तिने माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर आवर्तसारणी लावली, माझ्याशेजारी तापमापी टांगली आणि एक लांब वही ठेवली. रोज तीन वेळा ती माझ्याजवळचे तापमान वेळेसह वहीत लिहायची.

"मशीनला ताप आलाय का बघतेस होय?" देवधर चेष्टा करायचे.

"ताप आल्यावर बघून काय उपयोग, काका? यायच्या आधी बघायचं."

देवधरांना सगळे काका म्हणत. दिल्लीतल्या मराठी घरांची एकमेकांशी आधीपासून ओळख असते, मग ऑफिसातही सर म्हणणे जमत नाही.

उल्काने मला दोन आज्ञा शिकवल्या. एक 'पुढे' आणि दुसरी 'मागे'. त्या तिने स्वतः लिहिल्या होत्या. प्रोग्रॅममध्ये काही सुधारणा झाली की ती नवी आवृत्ती माझ्यावर चढवावी लागे. 'पुढे' म्हटले की मी आधी चालू असलेली आवृत्ती 'जुने' नावाच्या कप्प्यात जपून ठेवायचो, मगच नवी सुरू करायचो. नवीत काही खोट निघाली तर 'मागे' म्हणायचे. मिनिटभरात सगळे कालच्यासारखे व्हायचे. हे काम फक्त गुरुवारी दुपारी होई, म्हणजे काही बिघडले तर निस्तरायला शुक्रवार हाती राहतो. आणि त्याआधी उल्का माझ्या डोक्यावर ठेवलेली पितळेची लहानशी घंटा वाजवायची. घंटा वाजली की दोन्ही खोल्यांतल्या सगळ्यांनी कीबोर्डवरून हात उचलायचे, असा नियम होता. नवीन आलेल्यांना हसू यायचे. महिन्याभरात त्यांचेही हात आपोआप उचलले जात.

तिचा आणखी एक नियम होता, प्रयोगशाळेतून आणलेला. लिहिलेली नोंद खोडायची नाही. चुकली असेल तर ती तशीच ठेवायची, खाली दुरुस्ती लिहायची, तारीख घालायची आणि सही करायची. "आपल्याला काय आठवतं त्याला किंमत नाही," ती म्हणायची. "काय लिहिलंय ते बघा." हे वाक्य पुढे तिच्यावरच उलटणार आहे, हे मला कुठून माहीत असणार?

ऑफिसातला तिसरा माणूस नचिकेत. मुंबईचा इंजिनिअर, चोवीस वर्षांचा. प्रोग्रॅम तोच लिहायचा. हुशार होता, भराभर बोलायचा, आणि एंटरची कळ इतक्या जोरात दाबायचा की माझे टेबल हलायचे. उल्का त्याला रागवायची.

"अरे, तो काय दरवाजा आहे का? हळू."

"उल्काताई, तुझ्यासारखं टाइप केलं ना, तर मी रिटायर होईन यार."

ती हसायची. तिचे बोट कळेवर हलके टेकायचे, क्षणभर थांबायचे, मग दाबले जायचे. मला डोळे नाहीत; दिसल्यासारखे जे सांगतो, ते आवाजांवरून आणि लोकांच्या बोलण्यावरून. बोटे मात्र मला थेट कळतात.

माझ्यावर नवी आवृत्ती चढवण्याचा अधिकार फक्त उल्काच्या खात्याला होता. ते खाते उघडायला तिचे नाव आणि तिचा पासवर्ड लागे. नाव आणि पासवर्ड जुळले की मी दार उघडतो आणि ज्याचे नाव असेल त्याच्या नावाने नोंद करतो. माझी एवढीच रीत आहे. तेव्हा मला या रीतीचा अभिमान वाटायचा.

२००२ च्या नोव्हेंबरमध्ये उल्काच्या वडिलांचे डोळ्याचे ऑपरेशन निघाले आणि ती दहा दिवस पुण्याला गेली. जाताना तिने नचिकेतला माझ्यापाशी बोलावले. पहिल्यांदाच तिने स्वतःचा नियम मोडला.

"मध्ये एक गुरुवार येतोय. पासवर्ड सांगते, पण लिहून ठेवायचा नाही. आयर्न ट्वेंटी-सिक्स. आले की बदलणार आहे."

"अच्छा. लोखंड, सव्वीस." नचिकेतने मान वर करून भिंतीवरच्या आवर्तसारणीकडे पाहिले. "आणि मागच्या वर्षी काय होता, मँगनीज?"

"तू कामाशी काम ठेव," उल्का म्हणाली, पण तिच्या आवाजात हसू होते.

परत आली त्याच सकाळी तिने पासवर्ड बदलला. आयर्न ट्वेंटी-सिक्सच्या जागी कोबाल्ट ट्वेंटी-सेव्हन. इतकी काटेकोर बाई, आणि तिने किल्ली बदलली ती अशी, एक घर पुढे सरकवून. भिंतीवरचा तक्ता रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे तो तिला दिसेनासा झाला होता. आपल्या माणसांपासून काही लपवायचे आहे, असे तिच्या मनातच नव्हते.

आता ती दुपार. २१ जानेवारी २००३, मंगळवार.

थंडीच्या दिवसांत दिल्लीकडची माणसे जेवण झाले की उन्हाला जातात. ऑफिसातले सगळे गच्चीवर बसून संत्री सोलत होते. दोन वाजून दहा मिनिटांनी उल्का खाली आली, तापमापी पाहिली, वहीत '२:१०, २४ अंश' असे लिहिले आणि मागच्या मोरीवर सगळ्यांचे डबे घासायला गेली. पाण्याचा आवाज मला येत होता. तेवढ्यात नचिकेत जिन्यावरून उतरला. तो मोबाइलवर बोलत होता.

"जी डॉक्टर मैडम, नया फॉरमॅट आज ही चालू करवा देता हूँ. बिल्कुल. गुरुवार तक रुकने की ज़रूरत नहीं है."

पलीकडे मयूर विहारच्या एका लॅबच्या डॉक्टर विजयालक्ष्मी होत्या. आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. रिपोर्टचा नवा नमुना त्यांना हवा होता आणि नचिकेतने तो आदल्या रात्री लिहून संपवला होता. तो माझ्यासमोर बसला. घंटेकडे त्याने पाहिलेही नाही. त्याने उल्काचे नाव लिहिले आणि जुना पासवर्ड घातला. मी नकार दिला. दोन वाजून चौदा मिनिटांनी माझ्या दप्तरात, म्हणजे माझ्या नोंदींच्या यादीत, ओळ पडली : उल्का, पासवर्ड चुकला.

तो थांबला. खुर्ची किंचित मागे गेली. तो वर बघत असावा. मग कळा पडल्या, पटापट, आणि शेवटी एंटर. टेबल हलले.

मित्रांनो, एकदा मी नकार दिला होता. दुसऱ्यांदा देऊ शकलो नाही. नाव जुळले, पासवर्ड जुळला, मी दार उघडले.

माझी डिस्क भरत आली होती आणि नव्या आवृत्तीला जागा नव्हती. नचिकेतने 'पुढे' ही आज्ञा वापरली नाही. त्याने 'जुने' हा कप्पा पुसून टाकला, म्हणजे जागा झाली, आणि नवी आवृत्ती हाताने उतरवली. दोन वाजून सतरा मिनिटांनी मी नोंद केली : उल्का, 'जुने' पुसले, नवी आवृत्ती सुरू. सगळे मिळून तीन मिनिटे. मोरीवरचे पाणी अजून वाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. उल्काने उचलला.

"उल्का जी," डॉक्टर विजयालक्ष्मींचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, "आपके कंप्यूटर के हिसाब से चार साल का एक लड़का प्रेग्नंट है. बधाई उसकी माँ को दूँ या आपको?"

नव्या आवृत्तीत प्रत्येक निकाल एक ओळ खाली सरकत होता. एकाचे रक्त दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याची साखर तिसऱ्याच्या. त्या मुलाच्या रिपोर्टमुळे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि बाकीच्या लॅबनाही लगेच कळवता आले, म्हणून एकही कागद लॅबबाहेर गेला नाही. उल्काने फोन खाली ठेवला, घंटा वाजवली आणि मला म्हटले, 'मागे'.

मी 'जुने' उघडले. आत काही नव्हते. तसे मी तिला सांगितले. तिने पुन्हा म्हटले, 'मागे'. त्या दिवशी तिचे बोट कळेवर थांबले नाही, सरळ आदळले. मी पुन्हा तेच उत्तर दिले.

नचिकेतने चूक शोधून काढली, पण त्यात दोन दिवस गेले. तोवर अकरा लॅबमध्ये माणसे हाताने रिपोर्ट लिहीत बसली. गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर विजयालक्ष्मी स्वतः ऑफिसात आल्या आणि देवधरांना शांतपणे म्हणाल्या, "मशीन की गलती हो तो मशीन बदलिए. आदमी की हो तो मुझे नाम बताइए. मुझे भी अपने मरीज़ों को किसी का नाम बताना पड़ेगा."

त्या गेल्यावर देवधरांनी माझे दप्तर छापून घेतले. उल्का आणि नचिकेत, दोघांना माझ्याजवळच उभे करून त्यांनी कागद वाचला.

"दोन चौदा, पासवर्ड चुकला. दोन सतरा, 'जुने' पुसलं. इथूनच, याच कीबोर्डवरून. खातं तुझं आहे, उल्का."

"मी केलेलं नाही, काका. मंगळवार होता. मी मंगळवारी काही चढवत नाही. आणि घंटा वाजली नव्हती."

"आम्ही गच्चीवर होतो. घंटा वाजली की नाही, कोण सांगणार? तू खाली कधी आलीस?"

"दोन दहाला. वहीत आहे." ती थांबली. ते तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. "मग मी डबे घासत होते."

"कोणी बघितलं?"

ती नचिकेतकडे वळली. "पासवर्ड मी नोव्हेंबरात तुला दिला होता."

देवधरांनी चष्मा काढला. त्यांना हे नवीन होते.

"हो, पण तू आल्यावर बदललास ना, उल्काताई?" नचिकेत म्हणाला. "बदलला नव्हतास का?"

मित्रांनो, ती खोटे बोलली असती, तर त्याच क्षणी सुटली असती. "नाही, बदलायचा राहिला" एवढे म्हणायचे होते.

"बदलला होता," ती म्हणाली.

"मग झालं तर. आणि मी कुठे होतो इथे, काका? मी गच्चीवरून थेट खाली पानवाल्याकडे गेलो होतो." त्याने कागदाकडे बोट दाखवले. "हे बघा ना, आधी पासवर्ड चुकलाय. घाईत असेल ती. होतं कधीकधी, बिल्कुल होतं. वडिलांचं टेन्शन होतं तिला."

तो असा आपुलकीने बोलला, याचेच मला आजही जास्त वाईट वाटते.

पहिल्यांदा जो पासवर्ड चुकला, तो कोणता होता, हे मला विचारले असते तर सगळा उलगडा झाला असता. पण चुकलेला पासवर्ड मी लिहून ठेवत नाही. कोणाचे गुपित उघडे पडू नये, म्हणून तशी शिस्त आहे. ती शिस्त चांगलीच आहे. त्या दिवशी ती नचिकेतच्या उपयोगी पडली.

"उल्का," देवधर हळू आवाजात म्हणाले, "तूच म्हणतेस ना, आठवणीला किंमत नाही म्हणून? नोंद तुझ्या नावाची आहे. मी काय करू, सांग."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "नोंद आहे तर... कदाचित मीच केलं असेल."

माझ्या आत सगळे होते. ठोकून मारलेला एंटर मी ओळखला होता. पण बोटांची ओळख लिहायला माझ्या दप्तरात रकाना नाही. जवळजवळ पाच वर्षे जिने माझा ताप पाहिला, तिच्याविरुद्ध मी साक्ष दिली, आणि ती साक्ष माझ्या अक्षरात होती म्हणूनच सगळ्यांनी, तिनेही, खरी मानली. तिला नचिकेतने फसवले, हे खरे. पण त्याने हत्यार म्हणून मला वापरले, आणि मी वापरला गेलो.

देवधरांनी डॉक्टरांना नाव सांगितले. फेब्रुवारीत उल्काने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ती एकटी माझ्यासमोर बसली. त्या खात्याचा अधिकार अजून तिच्याकडे होता. ती ओळ पुसायला तिला अर्धे मिनिटही लागले नसते. तिने ती उघडली, वाचली आणि तशीच बंद केली. वहीत शेवटचे तापमान लिहिले. घंटा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

"पासवर्ड?" देवधरांनी दारातून विचारले.

"कशाला, काका? ते खातं बंदच करा. माझ्या नावाने आता काही व्हायला नको."

"मी करतो बंद," नचिकेत म्हणाला.

त्याने ते बंद केले नाही. नवे खाते करून सगळ्या आज्ञा त्याला शिकवण्यात एक दिवस गेला असता, म्हणून आधी राहून गेले आणि मग ते तसेच चालू राहिले. सहा वर्षे तो दर वेळी उल्काचे नाव लिहून माझ्यात शिरला. कधी मंगळवारी, कधी शनिवारी, घंटेशिवाय. चांगले झाले ते त्याने लोकांना स्वतःचे म्हणून सांगितले. माझ्या दप्तरात मात्र सगळे उल्काच्या नावावर जमत गेले, तिने कधी न पाहिलेले सगळे बरेवाईट. वहीत पुढे कोणी तापमान लिहिले नाही. तापमापी पडून फुटली, ती उचलली गेली आणि दुसरी आली नाही. माझ्या पंख्यांत कापसासारखी धूळ भरली.

मग दूर कुठेतरी भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांवर सगळे काम गेले. मला जिन्याखालच्या कपाटात ठेवले. तेव्हा मला फार वाईट वाटले नाही. वाईट वाटायचे होते ते आधीच वाटून झाले होते.

२०१२ मध्ये उल्काने ऑफिसात फोन केला. ती तुमच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली होती आणि मुलांना उघडून पाहायला तिला एखादे जुने यंत्र हवे होते. देवधर घरीच असत, ऑफिस नचिकेत चालवत होता. तो स्वतः मला गाडीत घालून घेऊन आला. याच टेबलावर त्याने मला ठेवले.

"उल्काताई, तू अजिबात बदलली नाहीस," तो म्हणाला. "हा बघ, तुझा लाडका."

"चालू होतो का?"

"होईल की. थांब, दाखवतो."

त्याने वायरी जोडल्या. माझा पाचवा पंखा जरा अडखळला, मग फिरला. पडद्यावर मी नाव विचारले. नचिकेत उभ्या उभ्याच बोलत होता, रस्त्यातल्या गर्दीबद्दल, मेट्रोबद्दल, आणि बोलता बोलता त्याच्या बोटांनी सहा वर्षांच्या सवयीने उल्काचे नाव लिहिले, पासवर्ड घातला आणि एंटर मारला. टेबल हलले.

मी दार उघडले. पडद्यावर आले : स्वागत, उल्का.

तो बोलायचा थांबला.

"माझं नाव," उल्का म्हणाली.

"हां, ते... खातं बंद करायचं राहूनच गेलं यार. कामं होती."

"आणि पासवर्ड?"

नचिकेतची नजर वर गेली असावी, कारण या खोलीतही माझ्या डोक्यावर आवर्तसारणी आहे, तुम्ही रोज पाहता ती.

"मी तो कोणालाच दिला नव्हता," उल्का सावकाश म्हणाली, एकेक वजन तराजूत टाकावे तशी. "काकांनाही नाही. तुला सव्वीस माहीत होता. तू आधी सव्वीस घातलास. दोन चौदा. मग वर बघितलंस."

बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालू होता.

"मी नवीन होतो, उल्काताई. तू जुनी होतीस. मला वाटलं, काका तुला काही बोलणार नाहीत. आणि मग... एकदा बोलून गेल्यावर परत कसं फिरायचं?"

"नऊ वर्षं," उल्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "घरातून निघताना मी गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते. पेपर तपासले की बेरीज दुसऱ्या कोणाकडून करून घेते. मला वाटायचं, माझ्या हातून अशी एक गोष्ट झाली जी मला आठवतही नाही, मग आणखी किती झाल्या असतील?"

"माफ कर मला."

"बस इथे."

तिने मला एक नवे खाते करायला सांगितले. नचिकेतचे, त्याच्या नावाचे. इतक्या वर्षांत माझ्यात तो पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने आला. मग तिने ती ओळ काढून दिली. तो ती पुसायला गेला, तेव्हा तिने त्याचा हात अडवला.

"खोडायची नाही. खाली लिही. तारीख घाल."

त्याने लिहिले : दि. २१ जानेवारी २००३, २:१७ ची नोंद चुकीची आहे. ते काम उल्का यांनी केलेले नाही. मी केले. नचिकेत. त्या दिवशी त्याची बोटे हळू पडली. एंटरपाशी थांबली, मग दाबली गेली.

उल्काने ते पान छापून घेतले.

पुढचे मला कळले ते असे. दोन दिवसांनी ती इथे वह्या तपासत बसली होती आणि गणिताच्या वृंदाबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या.

"गेली होतीस का काकांकडे?"

"काल गेले."

"मग? काय म्हणाले?"

"त्यांनी मला ओळखलं नाही, वृंदा. दोन वर्षं झाली म्हणे, माणसं ओळखू येत नाहीत. काकूंनी सांगितलं, उल्का आलीय. तर मलाच सांगायला लागले, आमच्याकडे एक उल्का होती, फार शिस्तीची मुलगी, घंटा वाजवल्याशिवाय मशीनला हात लावायची नाही."

"म्हणजे चांगलंच आठवतंय की त्यांना."

"हो. मी कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, असं काही झालंच नव्हतं." उल्काने कप खाली ठेवला. "ते विसरले, म्हणून मी सुटले. त्यांना कळलं म्हणून नाही."

दोघी पुन्हा वह्या तपासू लागल्या. उल्काने आपल्या वहीतली बेरीज केली, सवयीने वही वृंदाबाईंपुढे सरकवली, मग हात पुढे करून परत घेतली.

मित्रांनो, माझ्या पोटात आता दोन ओळी आहेत. खोटी वर आहे आणि खरी खाली, मध्ये नऊ वर्षे. वरची पुसली गेली नाही आणि पुसूही नये, पण ती आठवली की फिरता पंखा अडखळतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती माझ्यासारखी यंत्रे येतील, माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. त्यांच्यातली धूळ काढत जा, त्यांचे तापमान बघत जा. आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नका, जिवलगाच्याही नाही. दिलीच, तर नंतर अशी बदला की तक्त्याकडे बघून ती कोणाला सापडणार नाही. कारण यंत्र जे नाव द्याल तेच लिहून घेते. त्या नावामागे हात कोणाचा होता, हे ते जाणून असले तरी सांगू शकत नाही. ते सांगण्याचे काम ज्याचा हात होता त्याचे आहे, आणि ऐकणारा माणूस ऐकण्याजोगा आहे तोवरच ते सांगायला हवे.

टेबलाच्या कोपऱ्यावर ती पितळेची घंटा ठेवलेली आहे. उद्याच्या तासाला तुम्ही माझा पाचवा पंखा काढणार आहात, असे मी ऐकले. आधी ती वाजवा. सगळ्यांचे हात वर होऊ द्या. मग ज्याला काढायचा असेल त्याने काढावा, आणि वहीत, वेळेसमोर, आपले स्वतःचे नाव लिहावे.